मतदानाच्या आधीच्या रविवारी फादरांनी वेदीवरून काय बोलावं?

बावखल | १४ एप्रिल २०२४, रात्री ९:४०

आमच्या पालघर मतदारसंघात मतदान २० मे रोजी आहे. म्हणजे अजून पाच रविवार. आज मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून आम्ही सात-आठ जण याच विषयावर बोलत होतो, आणि घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढते.

मी वसईची, कॅथलिक, शाळेत शिकवते. आमच्याकडे चर्च आणि सार्वजनिक प्रश्न हे कधीच वेगळे नव्हते. हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिच्यात पुढे होते. बावखलं (गावातली गोड्या पाण्याची तळी) बुजू नयेत, वाड्यांवर इमारती उभ्या राहू नयेत, विहिरींना खारं पाणी लागू नये यासाठी माणसं रस्त्यावर आली. त्यात नुसते ख्रिस्ती नव्हते, वाडवळ होते, आगरी होते, कोळी होते. २००९ साली महापालिका झाली आणि गावं तिच्यात घालण्याविरुद्ध आंदोलन पेटलं, तेव्हाही धर्मग्रामांतली (एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्त्यांतली) माणसं होतीच. त्याच वर्षी विधानसभेला विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले ते या असंतोषावर. त्यामुळे चर्चने राजकारणात पडू नये, असं कुणी सरसकट म्हटलं की मला ते पटत नाही. पाणी हा राजकारणाचाच विषय आहे आणि फादरांच्या घरच्या विहिरीतही तेच पाणी येतं.

पण दुसरी एक गोष्ट मी विसरू शकत नाही. काही वर्षांपूर्वी मतदानाच्या आधीच्या रविवारी एका फादरांनी प्रवचनात उमेदवाराचं नाव घेतलं. चिन्हासकट. (कोण फादर, कोणता उमेदवार, कोणतं चर्च हे कृपया विचारू नका.) माझे बाबा तेव्हा दुसऱ्या पक्षाचं काम करायचे. घरोघरी चिठ्ठ्या वाटायचे, बूथवर बसायचे. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर, खांबाला लागून, त्यांची चाळीस वर्षांची जागा. नाव घेतलं गेलं तेव्हा आजूबाजूच्या माना त्यांच्याकडे वळल्या. बाबा काही बोलले नाहीत. बोलणार कसे? प्रवचन चालू असताना कुणी उठून उत्तर देत नाही. त्यांनी प्रार्थनेचं पुस्तक मिटलं आणि मिस्सा संपेपर्यंत ते मिटलेलंच राहिलं. पुढच्या रविवारपासून ते बाहेर पोर्चमध्ये उभे राहायला लागले. आजही तिथेच असतात.

माझा प्रश्न साधा आहे. फादरांनी बोलावं, पण किती? आणि कुठे उभं राहून? तुमच्या भागात, तुमच्या पंथात काय होतं ते लिहा. ख्रिस्ती नसलात तरी लिहा.

---

मुक्ता | १४ एप्रिल, रात्री ११:१५

ताई, बाबांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी ठाण्याची, हिंदू घरातली. तुमच्या प्रश्नाला माझा उलट प्रश्न आहे आणि तो मनापासून विचारते. एखाद्या मठाच्या महाराजांनी ‘अमुक पक्षालाच मत द्या’ म्हटलं की आपण सगळे, मीसुद्धा, चिडतो. मशिदीतून तसं सांगितलं गेल्याची नुसती कुणकुण लागली तरी दिवसभर बातम्या चालतात. मग बिशपांनी पत्र काढलं की त्याला ‘विवेकाचा आवाज’ म्हणायचं का? सगळ्यांना एकच माप हवं.

---

बावखल | १५ एप्रिल, सकाळी ७:०५

मुक्ता, एकच माप. यात माझ्या मनात काहीही दुमत नाही. म्हणूनच ते माप नक्की कुठे लावायचं ते शोधते आहे.

---

वकिली_डायरी | १५ एप्रिल, दुपारी १:३०

कायद्याच्या बाजूने थोडं लिहितो, कारण या विषयावर बहुतेकांना ‘आचारसंहिता’ एवढा एकच शब्द माहीत असतो.

आचारसंहितेत मशिदी, चर्च, मंदिरं आणि इतर प्रार्थनास्थळं प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापरू नयेत असं स्पष्ट लिहिलं आहे. चर्चचं नाव त्या वाक्यातच आहे. पण आचारसंहिता हा कायदा नव्हे. कायदा आहे तो १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२३. त्यातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट मार्ग, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘असं मत दिलंस तर देवाचा कोप होईल’ अशी भीती मतदाराला घालणं हे त्याच्यावरचं गैरवाजवी दडपण आहे, असं त्याच कलमात म्हटलं आहे. म्हणजे १९५१ साली कायदा लिहिणाऱ्यांना माणसाच्या श्रद्धेचं वजन नेमकं माहीत होतं.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५९चा एक निकाल आहे, रामदयाल विरुद्ध संतलाल. पंजाबमधली निवडणूक. नामधारी पंथाच्या सद्गुरूंनी अनुयायांना हुकूम काढला की या उमेदवाराला मत द्या. निवडणूक रद्द झाली. न्यायालयाचा रोख असा होता की धर्मगुरूलाही नागरिक म्हणून एखाद्या उमेदवाराबद्दल आपलं मत सांगता येतं. पण सांगणं जेव्हा हुकूम होतं, आणि तो मोडला तर परलोक बिघडेल असं ऐकणाऱ्याला वाटतं, तेव्हा त्याच्यापुढे निवड उरत नाही.

२ जानेवारी २०१७ला अभिराम सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितलं की नुसता उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही चालणार नाही. तीन न्यायमूर्तींची चिंताही खरी होती. धर्मामुळे, जातीमुळे ज्यांना भोगावं लागलं त्यांनी ते दुःख निवडणुकीत मांडायचंच नाही का, असा त्यांचा सूर होता.

आणि १९८८चा एक कायदा सहसा कुणाला आठवत नाही. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा. धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरायला तो मनाई करतो. मंदिर असो, दर्गा असो वा चर्च. मुक्ताताईंचं एकच माप तिथे आहे.

---

नगरचा_पाव्हणा | १५ एप्रिल, रात्री १०:२०

तीन न्यायमूर्तींची चिंता म्हणालात, ती म्हणजे आमची गोष्ट.

आम्ही नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली, आमचे पणजोबा त्या मिशनच्या शाळेत शिकले. आज आमचं चर्च सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट संघटनेचं. आमच्याकडचे बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले. १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश सांगतो की हिंदू नसलेली व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. ऑक्टोबर २०२२मध्ये माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला, त्याचं काम चालूच आहे.

आता शिर्डी लोकसभा मतदारसंघ बघा. तो अनुसूचित जातींसाठी राखीव. त्या पट्ट्यात गावोगाव ख्रिस्ती वस्त्या आहेत. एका आजोबाची दोन नातवंडं, एक बौद्ध, एक ख्रिस्ती. गावात दोघांना वागवायची पद्धत एकच, राहण्याची गल्ली एकच. पहिल्याला शिर्डीतून उभं राहता येतं, दुसऱ्याला नाही. कित्येक घरांत म्हणूनच कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. त्या घरांतल्या माणसांची रविवारी किती घालमेल होते ते मी जवळून पाहिलं आहे.

नाताळला सगळ्या पक्षांचे लोक केक घेऊन येतात. पुढच्या बाकावर बसतात, शुभेच्छा देतात. आमचे पाळक त्यांचं स्वागत करतात. या प्रश्नावर मात्र त्यांना कुणी सरळ विचारत नाही, की संसदेत तुमचं मत काय पडणार? बावखलताई, तुमच्याकडे फादर जास्त बोलले म्हणून वडील दुखावले. आमच्याकडे पाळक बोलतच नाहीत म्हणून माणसं दुखावलेली आहेत. मला वेदीवरून उमेदवाराचं नाव नको. पण पाहुण्याच्या तोंडावर हा एक प्रश्न टाकायला हवाच.

---

बावखल | १६ एप्रिल, सकाळी ६:५०

पाव्हणे, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. पालघर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. त्यामुळे लोकसभेला ‘आपला माणूस’ हा विषयच आमच्याकडे निघत नाही, उमेदवार आदिवासी समाजातलाच असतो. मला त्यात एक बरं वाटायचं, की जातधर्म बाजूला पडून कामावर बोलता येतं. राखीव जागेची दुसरी बाजू मी तुमच्या ठिकाणी उभं राहून कधी पाहिलीच नव्हती.

---

ऐझॉलहून | १८ एप्रिल, संध्याकाळी ७:३०

उद्या इथे मतदान आहे. मिझोरामला लोकसभेची एकच जागा. मी मूळचा साताऱ्याचा, बँकेच्या नोकरीत इथे बदली होऊन आलो, दुसऱ्यांदा. तुमचा धागा वाचला आणि वाटलं की इथे जे डोळ्यांनी पाहतो ते लिहिलंच पाहिजे.

आत्ता संध्याकाळी साडेसातला, मतदानाच्या आदल्या रात्री, माझ्या वेंगमध्ये (वेंग म्हणजे मोहल्ला) शांतता आहे. आदली रात्र सगळीकडेच शांत असायला हवी, पण इथे गेले तीन आठवडेही असेच गेले. भोंगे नाहीत, मोटारसायकलींच्या रॅली नाहीत, भिंती रंगवलेल्या नाहीत. मटणाच्या पंगती नाहीत. आमच्याकडे साताऱ्यात निवडणूक म्हणजे ढाबे भरलेले, हे पाहत मोठा झालेला माणूस मी. पहिल्या वेळी मला वाटलं, निवडणूक पुढे ढकलली की काय.

याचं कारण मिझोरम पीपल्स फोरम. २००६ साली प्रेस्बिटेरियन चर्चच्या पुढाकाराने हा मंच उभा राहिला, इतर चर्च आणि सामाजिक संस्थाही बरोबर आल्या. निवडणुकीआधी तो पक्षांशी लेखी करार करतो. पंगती घालायच्या नाहीत, पैसे वाटायचे नाहीत, झेंडे-फलक मर्यादेतच, घरोघरी फिरून प्रचार नाही. गावागावात आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात त्याच्या समित्या आहेत, त्या लक्ष ठेवतात. कायद्याचा अधिकार त्यांना काहीच नाही. पण इथे चर्चच्या शब्दाबाहेर जाऊन मतं मिळवणं कुठल्याच पक्षाला परवडत नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे सामायिक व्यासपीठ. मोहल्ल्याच्या सभागृहात सगळे उमेदवार एकाच बाकावर बसतात. २०१८च्या विधानसभेला मी असा एक कार्यक्रम पाहिला. भाषा कळत नव्हती, शेजारच्या सहकाऱ्याने कानात सांगत सांगत ऐकवलं. प्रत्येकाला सारखी मिनिटं. वेळ संपली की घंटी. एकाचं बोलणं अर्धवट राहिलं आणि त्याने खरोखर वाक्य तिथेच सोडलं, खाली बसला. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याने त्याच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. मला ते दृश्य अजून दिसतं.

चर्च इथे ‘कुणाला’ हे सांगत नाही, ‘कसं’ हे सांगतं. गेल्या डिसेंबरात विधानसभेची मतमोजणी ३ तारखेला ठेवली होती, तो रविवार होता. चर्च, पक्ष, संघटना सगळ्यांनी एकमुखाने मागणी केली आणि आयोगाने ती सोमवारी ४ तारखेला नेली.

सगळं गोडगोड नाही, हेही सांगतो. चर्चचा शब्द एवढा जड असला की वेगळं बोलणाऱ्याला जागा कमी पडते. बंद खोलीत पैसे दिले-घेतले जात नाहीत असं मी छातीठोक म्हणणार नाही. शेजारच्या नागालँडमध्येही बॅप्टिस्ट चर्च परिषद वर्षानुवर्षं स्वच्छ निवडणुकीची मोहीम चालवते. मत विकू नका, दुसऱ्याच्या नावावर टाकू नका, म्हणून सांगते. तिथे तेवढं यश दिसत नाही. मला वाटतं, फरक कराराचा आहे. नुसतं मतदाराला ‘पापात पडू नकोस’ सांगून भागत नाही, पक्षाला सही करायला लावावी लागते.

---

मुक्ता | १८ एप्रिल, रात्री ९:००

पाण्याचा ग्लास! हे वाचून फार बरं वाटलं. पण हे जिथे जवळजवळ सगळेच ख्रिस्ती आहेत तिथे जमतं. वसईत, ठाण्यात एका धर्माच्या संस्थेने नियम घातले तर बाकीचे का ऐकतील?

---

ऐझॉलहून | १८ एप्रिल, रात्री ९:२५

बरोबर आहे. तिथे ते एकट्या चर्चचं काम नाही. पण सामायिक व्यासपीठ उभं करायला बहुमत लागत नाही. सतरंजी, माईक आणि चार प्रामाणिक माणसं पुरतात.

---

दर्यावर्दी | २२ एप्रिल, पहाटे ४:१०

जहाजावरून लिहितोय, नेट मिळेल तसं. मी रत्नागिरीचा, मुसलमान, पण वीस वर्षं फिलिपिनो खलाशांबरोबर काढली आहेत आणि त्यांच्या देशात चर्च आणि निवडणूक यांचं जे नातं आहे ते ऐकून ऐकून पाठ झालंय.

आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) नेग्रोस बेटावरच्या बाकोलोदचा. २०१३ साली त्यांच्याकडे सिनेटची निवडणूक होती. आदल्या वर्षी कुटुंबनियोजनाची साधनं सरकारी दवाखान्यांतून देण्याचा कायदा झाला होता आणि कॅथलिक चर्च त्याच्या कडक विरोधात. बाकोलोदच्या कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीवर दहा फूट बाय सहा फुटांचा फलक लागला. एका बाजूला ‘टीम बुहाय’, म्हणजे जीवनाचा संघ. दुसऱ्या बाजूला ‘टीम पाताय’, म्हणजे मरणाचा संघ. खाली उमेदवारांची नावं, कायद्याला विरोध केलेले इकडे, पाठिंबा दिलेले तिकडे. निवडणूक आयोगाने सांगितलं, फलक दोन बाय तीन फुटांपेक्षा मोठा चालत नाही, काढा. बिशप सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१५मध्ये जिंकले. न्यायालय म्हणालं, चर्च हे काही उमेदवार नव्हे, मतदारांना आपलं म्हणणं सांगण्याचं स्वातंत्र्य त्यालाही आहे.

कायद्याने जिंकले. पण बोसनची बायको सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिच्या हातून रोज त्याच गोळ्या जायच्या. ती रविवारी त्या फलकाखालून आत जायची. बोसन म्हणतो, तिने मिस्सा सोडली नाही, पण फलक उतरेपर्यंत ती बाजूच्या दाराने आत जात होती. आणि मरणाच्या संघात नाव असलेल्या लोरेन लेगार्डा वगैरे मंडळी निवडून आलीच.

त्याच चर्चचं दुसरं रूपही सांगितलं पाहिजे. १९८६चा फेब्रुवारी. तिथल्या हुकूमशहा मार्कोसने घाईने निवडणूक घेतली. मतमोजणीच्या संगणकांवर बसलेली तिसेक मुलंमुली, आपण भरलेले आकडे आणि फलकावर दिसणारे आकडे जुळत नाहीत म्हणून उठून बाहेर पडली, आणि आसऱ्याला गेली ती बाक्लारानच्या चर्चमध्ये. आठवड्याभरात बिशपांनी पत्रक काढून सांगितलं, अशी लबाडी झालेली सत्ता नैतिक पायावर उभी नाही. मग मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून लोकांना एडसा रस्त्यावर बोलावलं, आणि रणगाड्यांपुढे नन जपमाळा घेऊन गुडघ्यावर बसल्या.

१९९१पासून त्यांच्या धर्मग्रामांतले स्वयंसेवक मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून बसतात. म्हाताऱ्यांना यादीत नाव शोधून देतात, निकालपत्रकांची प्रत घेऊन स्वतंत्र बेरीज करतात. माझ्या मते चर्चने निवडणुकीत करायचं खरं काम ते. मत मोजलं जातंय ना, हे बघणं. फलकाने त्या बाईला बाजूच्या दाराने जायला लावलं. यादीच्या टेबलापाशी तिला कुणी विचारलं नसतं की तू कोणत्या संघातली.

---

बावखल | २२ एप्रिल, सकाळी ८:३०

बाजूचं दार. आमचा पोर्च. दर्यावर्दी भाऊ, काय लिहिलंत. बाबांना वाचून दाखवलं.

---

राईनकाठ | २३ एप्रिल, रात्री १२:४०

थोडं वेगळं मत मांडते. जर्मनीत राहते. या फेब्रुवारीत जर्मन बिशपांनी एकमताने जाहीर केलं की वंशाधारित राष्ट्रवाद आणि ख्रिस्ती धर्म एकत्र नांदू शकत नाहीत, आणि एएफडी हा कडवा उजवा पक्ष ख्रिस्ती माणसाने मत देण्याजोगा नाही. पक्षाचं नाव घेतलं. इथे १९३३चा इतिहास आहे. त्या वर्षी मार्चमध्ये बिशपांनी नात्सींविरुद्धचे आधीचे इशारे मागे घेतले, आणि त्याची लाज इथली चर्चं अजून वाहतात. त्यामुळे ‘नाव कधीच घ्यायचं नाही’ असा नियम मी करणार नाही. कधीतरी अशी वेळ येते की नाव न घेणं हीच चूक ठरते. फक्त ती वेळ दर पाच वर्षांनी येत नाही.

---

वकिली_डायरी | २३ एप्रिल, सकाळी ११:००

राईनकाठ, मुद्दा जड आहे. आपल्याकडे अडचण अशी की त्या उंबरठ्याच्या कितीतरी अलीकडे थांबलेल्या पत्रांवरही वादळ उठतं. नोव्हेंबर २०१७मध्ये गुजरात विधानसभेच्या आधी गांधीनगरचे आर्चबिशप थॉमस मॅकवान यांनी पत्रात ‘राष्ट्रवादी शक्तींपासून’ देश वाचावा म्हणून प्रार्थना करायला सांगितलं. निवडणूक अधिकाऱ्यांची नोटीस आली, त्यांना खुलासा करावा लागला. मे २०१८मध्ये दिल्लीचे आर्चबिशप अनिल कुटो यांनी देशातलं राजकीय वातावरण अशांत आहे म्हणून शुक्रवारी उपवास आणि प्रार्थना करायला सांगितली. कुणाचं नाव नाही, पक्ष नाही, तरी वाद झालाच. यंदा २२ मार्चला बिशप परिषदेने देशासाठी उपवास-प्रार्थनेचा दिवस पाळला.

माझं प्रामाणिक मत: प्रार्थना करायला सांगणं हा गुन्हा नाही आणि होऊही नये. पण मॅकवान यांच्या पत्रातला तो एक शब्द निसटता होता. ज्याला जे वाचायचं ते त्याने वाचलं. अल्पसंख्याकांच्या धर्मगुरूंना शब्द सोन्याच्या काट्यावर तोलावे लागतात. हे अन्यायाचं आहे, पण आहे.

---

मांडवीकाठ | ९ मे, रात्री १०:००

गोव्यात परवा मतदान झालं, आता लिहायला हरकत नाही. आमच्याकडे चर्चची ‘सामाजिक न्याय आणि शांती’ परिषद आहे. ती पक्षाचं नाव घेत नाही, पण कोळशाची वाहतूक, जमिनी, संविधान, भ्रष्टाचार यांवर उघड बोलते. २०१८च्या पत्रात आर्चबिशप फेराव यांनी संविधान धोक्यात आहे म्हटलं आणि कॅथलिकांनी राजकारणात भाग घ्यावा असंही म्हटलं. आता ते कार्डिनल आहेत.

मी हिंदू, सासष्टीत राहतो, शेजारी सगळे किरिस्तांव. एक सांगतो, बाहेरच्यांना वाटतं की पाद्रीने सांगितलं की गठ्ठा पडतो. माझ्या शेजारच्या घरात आई एका पक्षाची, मोठा मुलगा रिव्होल्युशनरी गोवन्सचा, धाकटा मत देतच नाही. तिघंही त्याच चर्चमध्ये जातात.

---

बावखल | १३ मे, रात्री ९:१५

मधे गप्प होते कारण काम चाललं होतं. ऐझॉलच्या पाण्याच्या ग्लासाने स्वस्थ बसू दिलं नाही.

पाळकीय परिषदेत विषय मांडला की आपण सामायिक व्यासपीठ करूया. वकील साहेबांनी १९८८चा कायदा सांगितला होता, म्हणून चर्चचं आवार, चर्चचा हॉल दोन्ही सोडले. आमच्या आळीतल्या एका वाडवळ कुटुंबाने आपली वाडी दिली. पोलिसांची आणि निवडणूक कार्यालयाची परवानगी काढायला चार फेऱ्या पडल्या. आयोजक म्हणून नावं गावकऱ्यांची, वेगवेगळ्या समाजांची. फादर म्हणाले, मी येईन, पण श्रोत्यांत बसेन.

काल रविवारी संध्याकाळी पाच वाजता झालं. उमेदवार स्वतः कुणी आले नाहीत, मतदारसंघ डहाणू-बोईसरपर्यंत पसरलेला, शेवटचा आठवडा. पण तीन बाजूंचे जबाबदार कार्यकर्ते आले. घंटी नव्हती, शाळेतली पितळी थाळी वाजवली. प्रश्न लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहून दिले. सूर्या धरणाचं पाणी आमच्या गावांना कधी. विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्यांसाठी जादा गाड्या. वाढवण बंदर झालं तर अर्नाळ्याच्या कोळ्याने जाळं कुठे टाकायचं. आणि पाव्हणे, तुमचा प्रश्न मी माझ्या हाताने लिहून टाकला होता: १९५०च्या आदेशात ख्रिस्ती दलितांना घ्यायला तुमचा खासदार मत देईल का? दोघांनी ‘पक्ष ठरवेल’ म्हटलं. तिसऱ्याने कबूल केलं की मला हा प्रश्नच माहीत नव्हता. मागच्या रांगेतल्या एका आजींनी त्याला जागेवरूनच समजावून सांगितला.

प्रवचनात असं झालं असतं का? तिथे कुणाला उलट विचारता येत नाही. म्हणूनच माझं आता पक्कं मत झालंय की चर्चने प्रश्न वेदीवरून सांगावेत आणि उत्तरं वाडीत मागावीत. राईनकाठ म्हणतात तशी वेळ आलीच, तर फादरांनी नाव घ्यावं, पण तेही खाली उतरून, जिथे माझ्या बाबांना उठून उत्तर देता येईल तिथे.

---

नगरचा_पाव्हणा | १३ मे, रात्री ११:३०

आज आमच्याकडे मतदान होतं, बोटाला शाई लावून बसलोय आणि हे वाचतोय. त्या आजींना माझा नमस्कार सांगा.

---

मांडवीकाठ | ५ जून, सकाळी ९:४५

दक्षिण गोव्याचा निकाल: विरियातो फर्नांडिस १३,५३५ मतांनी निवडून आले. कालपासून ‘चर्चने पाडलं, चर्चने आणलं’ सुरू झालंय. विरियातो नौदलातले माजी अधिकारी, कोळशाविरुद्धच्या आंदोलनात वर्षानुवर्षं होते, हे कुणी बोलत नाही. सासष्टीतल्या बाईने धुळीने काळं झालेलं तुळशीवृंदावन पुसत पुसत ठरवलेलं मतही चर्चच्याच खात्यावर जमा. गठ्ठा म्हटलं की माणूस मोजावा लागत नाही.

---

मुक्ता | ५ जून, दुपारी २:००

बावखल, १९ तारखेच्या रविवारी चर्चमध्ये काय झालं ते सांगितलंच नाहीत.

---

बावखल | ५ जून, रात्री ९:५०

फादरांनी मतदानाची वेळ सांगितली, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. कोणत्या आळीचं केंद्र कोणत्या शाळेत ते वाचून दाखवलं. ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी दोन रिक्षा ठेवल्या होत्या, त्या कुठल्याही घरच्या माणसाला नेतील, ख्रिस्ती असो नसो, हे सांगितलं. मग श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक वाक्य: निवडून येणाऱ्यांसाठी आणि हरणाऱ्यांसाठी.

बाबा पोर्चमध्येच होते. मी आत या म्हटलं नाही. मिस्सानंतर फादर बाहेर आले तेव्हा बाबांनी त्यांना एवढंच विचारलं, की रिक्षावाल्यांना जेवण कोण देणार आहे, आमच्याकडे सांगा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात विधानसभा येईल. या वेळी परवानगीचा अर्ज महिनाभर आधी टाकणार आहे. कुणाकडे अर्जाचा चांगला मसुदा असेल तर इथे टाका. आणि ऐझॉलच्या कराराची प्रत मिळाली तर फार उपकार होतील, मराठी मी करून घेईन.

---

ऐझॉलहून | ६ जून, सकाळी ७:१५

मिझोमध्ये आहे. सहकाऱ्याला बसवून हिंदीत उतरवून घेतो, रविवारनंतर पाठवतो. रविवारी तो काही लिहिणार नाही.